निळ्याकडे नऊ घरं

कोऱ्यांच्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि हेर्लेकरांचं तोंड कडू झालं. समोरची अख्खी भिंत म्हणजे पडदा, आणि त्या पडद्यावर बेळगावचे मामा बसलेले. मामांचं वय पंच्याहत्तर, गाल मात्र नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाचे. त्यांच्या मागच्या खिडकीतलं झाड कुणीतरी ब्रशने रंगवून गेल्यासारखं हिरवं. आकाश निळंशार. बेळगावात त्या दिवशी ढग होते, हे हेर्लेकरांनी सकाळीच रेडिओवर ऐकलं होतं.

"भिंत मधूनच लुकलुकायलीय," कोरेबाई म्हणाल्या. "तेवढं बघा. चित्राला हात लावू नका हं काका, चित्र झकास आहे."

झकास म्हणे. एक वायर सैल होती, ती घट्ट करून हेर्लेकरांनी लुकलुकणं दहा मिनिटांत थांबवलं. मग न राहवून त्यांनी चित्रालाही हात लावला. भिंतीच्या सेटिंगमध्ये सात पानं आत शिरून 'प्रसन्न' बंद केलं आणि रंग होते तसे आणले. मामा सावळे झाले, कपाळावर डाग आले, डोळ्यांखाली पिशव्या लोंबायला लागल्या. झाड धुळकट झालं, आकाश राखाडी.

"अगं बाई," कोरेबाई म्हणाल्या. "मामा, तुम्ही आजारी आहात काय?"

"ठणठणीत आहे की," मामा भिंतीवरून म्हणाले.

"आजारी नाहीत ते. ते असेच दिसतात," हेर्लेकर म्हणाले.

"कायतरीच. आमचे मामा असले नाहीत. पहिल्यासारखं करून द्या बघू."

करून दिलं. मामा पुन्हा गुलाबी झाले, कोरेबाईंचा जीव भांड्यात पडला आणि हेर्लेकर चहाला न थांबता जिना उतरले. 'यांना डोळे दिले कशाला देवाने,' असं ते पायऱ्यांवर मोठ्यानेच म्हणाले. गेली पाच वर्षं ते कोल्हापुरातल्या कुठल्या ना कुठल्या जिन्यावरून असंच काहीतरी म्हणत उतरत होते.

'प्रसन्न'ची गोष्ट साधी होती. माणसाला रंग जसे असतात तसे आठवत नाहीत. गवत असतं त्याहून हिरवं आठवतं, आकाश असतं त्याहून निळं, आणि आपल्या माणसाची कातडी असते त्याहून उजळ नि तुकतुकीत. शास्त्रज्ञ याला स्मरणरंग म्हणतात. टीव्ही बनवणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं, म्हणून तर दुकानात मांडलेला टीव्ही नेहमी भडक लावलेला असायचा. नवं एवढंच झालं, की दोन हजार चाळीस सालच्या आसपास भिंतीलाच डोळे आले. पडद्याच्या कडेतला कॅमेरा बघणाऱ्याच्या डोळ्यातली बाहुली बघत बसतो. कुठल्या रंगावर ती किंचित रुंदावते, कुठे नजर रेंगाळते, कुठे आठी पडते, सगळं टिपून ठेवतो. महिन्याभरात भिंतीला कळतं, की तुमच्या मनात मामांचा गाल कोणत्या रंगाचा आहे. त्यानंतर मामा तिकडे काळवंडोत नाहीतर फिकट पडोत, तुमची भिंत त्यांना रोज त्या आठवणीतल्या रंगाकडे ओढून आणते. बेळगावहून निघालेलं चित्र आणि कोऱ्यांच्या भिंतीवर उमटलेलं चित्र यांच्यामध्ये खुद्द कोरेबाईच बसलेल्या असतात.

लोक खूश होते. न्हाणीघरातल्या आरशांच्या जागीही असे पडदे लागले आणि माणसं रोज सकाळी स्वतःच्या आठवणीला दात घासताना बघू लागली. डॉक्टर घरबसल्या भिंतीवरून रोगी तपासू लागले. कुणी विचारलं, की यात खरं किती, तर कंपनीचा माणूस सांगायचा की 'प्रसन्न' बंद करायची सोय आहेच. सोय होती. सात पानं आत होती.

प्रफुल्ल हेर्लेकरांच्या घरी मात्र हा बाजार नव्हता. सहासष्टाव्या वर्षीही त्यांनी आपल्या भिंतीतलं 'प्रसन्न' मुळासकट उपटून टाकलं होतं आणि बाहेर एक पत्र्याची पेटी जोडली होती. पेटीला जुन्या रेडिओचे सहा नॉब: उजेड, काळा, पांढरा, रंगाचा जोर, छटा आणि त्वचा. प्रत्येक नॉबभोवती घरं आखलेली. यातला शेवटचा नॉब फक्त कातडीच्या रंगांना हलवायचा, बाकी चित्राला धक्का लावायचा नाही. कुठला नॉब किती घरं फिरवला, हे ते दर वेळी तारीख घालून वहीत लिहून ठेवत.

ही विद्या त्यांनी तरुणपणी शाहूपुरीतल्या नजीरभाईंच्या दुकानात उचलली होती. नजीरभाई रंगीत टीव्ही दुरुस्त झाला की बातम्या लागेपर्यंत थांबायचे. बातम्या देणारी बाई पडद्यावर आली की तिच्या गालाकडे बघत छटेचा नॉब फिरवायचे. तोंड लागलं की टीव्ही लागला, एवढंच त्यांचं शास्त्र होतं. हेर्लेकरांनी पुढे रंगमापी यंत्रं पाहिली, वापरली आणि पेटीत घालून माळ्यावर टाकली. ज्याला नजर नाही त्याने यंत्र लावावं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची मुलगी सानिका विशाखापट्टणमला होती. समुद्राखालच्या केबली दुरुस्त करणारी यंत्रं ती घरातल्या खुर्चीत बसून चालवायची. बंदरावर जावं लागत नव्हतं, कचेरी भिंतीवर भरत होती, जेवणाचा डबा दाराबाहेर येऊन पडत होता. दर रविवारी दहाला ती बाबांच्या भिंतीवर यायची. त्याआधी अर्धा तास हेर्लेकर पडदे ओढून, भिंत तापवून बसायचे. ती आली की पहिली दोन मिनिटं तिच्याशी बोलायचे नाहीत. तिचं तोंड लावायचे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिचं तोंड लागेना.

"दिवा बदललास काय गं?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. का?"

"पिवळट आलंय सगळं. स्वस्तातला घेतला असशील."

त्यांनी पांढऱ्याचा नॉब निळ्याकडे एक घर फिरवला. तोंड सुधारलं, पण सानिकाच्या मागचा खिडकीचा पांढरा पडदा निळसर झाला. कच्च्या माणसाने तेच चालवून घेतलं असतं. हेर्लेकरांनी पांढरा नॉब परत जागेवर आणला आणि त्याऐवजी त्वचेचा नॉब फिरवला. आता पडदाही पांढरा, तोंडही लख्ख. स्वतःवर खूश होऊन त्यांनी वहीत लिहिलं, 'त्वचा, निळ्याकडे १. दिवा भिकार.'

दोन रविवारांनंतर तिथे दोन होते, मग तीन.

हेर्लेकरांच्या पत्नी वैजयंतीबाई मुलीशी बोलायच्या त्या रोज दुपारी, स्वयंपाकघरात, डब्याला टेकवून ठेवलेल्या जुन्या फोनवर. त्याच्या काचेला तडा गेलेला, रंग विकत घेतला त्या दिवशी दुकानदाराने करून दिले तसे भडक. त्या फोनला ना डोळे होते ना आठवण. हेर्लेकर त्याला जत्रेतला तंबू म्हणायचे.

"सानू पिवळी दिसायला लागलीय हो," एप्रिलमध्ये एकदा भाजी चिरताना त्या म्हणाल्या.

"तुझ्या फोनवर दहीभातसुद्धा फोडणीचा दिसतो."

"दहीभात कालही तसाच दिसत होता. आजही तसाच दिसतोय. ती तशी दिसत नाही, एवढंच सांगतेय मी."

"तिचा दिवा पिवळा आहे. सांगितलंय मी तिला."

"दिवा बदलला तिने. दोनदा. दुसरा तर तुम्ही सांगितलेल्या कंपनीचाच आणला."

"मग बनावट असेल," हेर्लेकर म्हणाले आणि पंचा खांद्यावर टाकून अंघोळीला गेले. बायकोच्या डोळ्यांबद्दल त्यांचं मत लग्नाच्या शालूपासून वाईट होतं. तो शालू डाळिंबी आहे असं त्या पस्तीस वर्षं म्हणत आल्या होत्या आणि तो लाल आहे असं हेर्लेकर.

मे महिन्यात वहीत पाच आले, मग सात. सानिका म्हणाली, दमल्यासारखं होतं, अंगाला खाज येते. हेर्लेकर म्हणाले, समुद्राची हवा. ती म्हणाली, कंपनीच्या डॉक्टरने भिंतीवर तपासलं, तो म्हणाला चेहऱ्यावर तर तेज आहे, पाणी जास्त पी. हेर्लेकर म्हणाले, आधी डाव्या बाजूचा दिवा बंद कर बघू.

सानिकाने दिवा बंद केला. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याशी बोलता की माझ्या दिव्याशी?"

"तुझं तोंड नीट दिसावं म्हणून तर चाललंय सगळं."

"आणि दिसतं?"

"एकदम झकास," हेर्लेकर म्हणाले. तो शब्द त्यांनी कुठे ऐकला होता, हे त्यांना आठवलं नाही.

त्या दिवशी वहीत नऊचा आकडा पडला. नॉबला घरं दहाच होती.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीबाईंनी पिशवी भरली. "मी विशाखापट्टणमला निघालेय," त्या म्हणाल्या.

"फोन पिवळा दिसतो म्हणून? दीड दिवस गाडीत बसून?"

"होय. त्याच्यासाठीच."

"जा. भर उन्हात जा आणि तिच्याच हातचा चहा पिऊन परत ये," हेर्लेकर म्हणाले. "डोळे तपासून घे म्हटलं असतं तुला, पण तुला डॉक्टरपण त्या फोनवरचाच पटणार."

वैजयंतीबाईंनी पिशवी उचलली. स्टेशनवर पोचवायला हेर्लेकर गेले नाहीत. बाईमाणसाच्या खुळाला रिक्षा पुरते, असं त्यांनी शेजाऱ्यांना हसत सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी भिंत वाजली. रविवार नव्हता, भिंत तापलेली नव्हती, म्हणून हेर्लेकर जरा वैतागूनच पुढे आले. चित्र उमटलं. सानिकाच्या घरातला तोच कोच, मागे तोच पांढरा पडदा, आणि कोचावर मायलेकी शेजारी शेजारी. सानिका नेहमीसारखी छान दिसत होती. वैजयंतीबाई मात्र निळ्याजांभळ्या पडल्या होत्या. ओठ शाईत बुडवल्यासारखे, गाल राखेचे. पाण्यातून काढलेलं माणूस दिसावं तशा दिसत होत्या.

"वैजू, काय झालं तुला?" हेर्लेकरांचा आवाज चिरकला. "सानू, आईला आधी झोपव. डॉक्टरला बोलाव."

"मला काही झालेलं नाही," ते निळं तोंड म्हणालं. "तिच्याकडे बघा तुम्ही."

"ती बरी आहे की. तू बघ स्वतःकडे, तू—"

"बघा म्हणतेय ना मी तिच्याकडे. दार उघडलं तेव्हा मी ओळखलं नाही पोरीला. डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे झालेत."

हेर्लेकरांचा हात पेटीवर गेला. पंचेचाळीस वर्षांची सवय, तोंड बिघडलं की लावायचं. त्यांनी त्वचेचा नॉब मागे घेतला. आठ, सात, सहा. वैजयंतीबाईंच्या ओठांचा जांभळेपणा उतरायला लागला. पाच, चार. त्यांचे गाल गव्हाळ झाले. आणि शेजारी बसलेली सानिका घराघराने पिवळी होत गेली. तीन, दोन, एक. नॉब शून्यावर आला तेव्हा बायको अगदी जशीच्या तशी दिसत होती, घामेजलेली, रागावलेली. तिच्या खांद्याला टेकून जी मुलगी बसली होती तिचं कपाळ, गळा, डोळ्यांतला पांढरा भाग, सगळं पिकल्या लिंबासारखं होतं.

त्यांनी नॉब पुन्हा पुढे नेला. मुलगी बरी झाली, बायको मेली. मागे आणला. बायको जगली. दोघींची तोंडं एकदम लागेनात. एकाच कोचावर, एकाच दिव्याखाली बसल्या होत्या दोघी.

दिवा. हेर्लेकरांनी मागच्या पडद्याकडे बघितलं. दिवा पिवळा असता तर पडदाही पिवळा झाला असता. तो अकरा आठवडे पांढराच होता. म्हणून तर पांढरा नॉब सोडून त्यांनी त्वचेचा धरला होता. नवशिक्या पोरालाही कळलं असतं की बिघाड उजेडात नाही, माणसात आहे. ते नवशिके नव्हते, हीच तर अडचण होती. कोरेबाईंना निदान माहीत नव्हतं, त्यांची भिंत काय करतेय ते. हेर्लेकरांनी तेच काम दर रविवारी शुद्धीत राहून, स्वतःच्या हाताने केलं होतं, आणि वर तारीख घालून ठेवली होती.

"अहो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "दिसतंय ना आता?"

"दिसतंय," ते म्हणाले.

विशाखापट्टणमच्या इस्पितळात ते पोचले तेव्हा सानिका दोन दिवसांपासून तिथे होती. डॉक्टर पद्मजा म्हणून पन्नाशीच्या बाई होत्या, हिंदीत बोलायच्या आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायच्या. त्यांनी व्हरांड्यातच सगळं सांगितलं. शरीराची राखणदार यंत्रणाच यकृतावर उलटली आहे. सुरुवातीला पकडलं की साध्या गोळ्यांनी आटोक्यात येतं. आता यकृताचा बराच भाग चिवट झालाय. औषध सुरू केलंय. आठवड्याभरात ते लागू पडलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्याचं यकृत शोधावं लागेल आणि ते वेळेत मिळेलच असं नाही.

"कधीपासून पिवळी पडतेय ते नेमकं कळलं तर बरं होईल," त्या म्हणाल्या. "ती सांगते पंधरा दिवस. तिच्या घरातल्या आरशावर माझा विश्वास नाही. कंपनीच्या डॉक्टरची नोंद आहे, त्यात तेज लिहिलंय. तेज." तो शब्द त्यांनी थुंकल्यासारखा टाकला.

हेर्लेकरांनी पिशवीतून वही काढली. आपण ती कशाला बरोबर घेतली हे निघताना त्यांनाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी पानं उलटली, आणि हेर्लेकरांनी त्यांना आकडे वाचून दाखवले. मार्चचा दुसरा रविवार, एक. मग दोन, तीन, पाच. हे आकडे कसले ते सांगितलं. नॉब काय करतो तेही सांगितलं.

डॉक्टरांनी पुन्हा मार्चचं पान काढलं. मग म्हणाल्या, "इतकी बारीक नोंद मी कुठे बघितली नाही. एका घराचाही फरक तुम्हाला कळत होता. म्हणजे तुम्हाला दिसत होतं."

"दिसत होतं."

"मग?"

"दिसत होतं म्हणूनच काढून टाकत होतो," हेर्लेकर म्हणाले.

डॉक्टर पद्मजांनी वही मिटून परत दिली. त्यांच्या नजरेत राग नव्हता. कोऱ्यांच्या दिवाणखान्यात शिरताना हेर्लेकरांच्या नजरेत जे असायचं ते होतं, आणि ते आपल्यावर आल्यावर कसं लागतं हे त्यांना सहासष्टाव्या वर्षी कळलं.

खोलीत सानिका उशीला टेकून बसली होती. खिडकी पूर्वेला होती, ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं. मध्ये काच नाही, पडदा नाही. हेर्लेकर खुर्चीवर बसले आणि त्यांचा उजवा अंगठा चादरीवर नकळत फिरायला लागला, निळ्याकडे. वैजयंतीबाईंनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

"बाबा, कशी दिसते मी?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाताशी नॉब नव्हता. "पिवळी," ते म्हणाले.

"किती?"

"नऊ."

तिला हसू आलं. "बरं झालं. इथे सगळे छान, छान म्हणतात."

मग तो रोजचाच क्रम झाला. सकाळी ऊन आलं की ती विचारायची, किती, आणि ते सांगायचे, नऊ. दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशीही नऊ. चौथ्या दिवशी वैजयंतीबाईंनी त्यांना व्हरांड्यात ओढलं. "आठ म्हणा की एकदा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "रात्रभर रडत होती पोर. तुमचं काय जाणार आहे त्यात?" हेर्लेकरांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनाही आठ म्हणायचं होतं. इतकं त्यांना आयुष्यात दुसरं काही म्हणावंसं वाटलं नव्हतं. आत जाऊन ते नऊ म्हणाले. पाचव्या दिवशीही नऊच म्हणाले आणि सानिकाने भिंतीकडे तोंड केलं.

सहाव्या दिवशी ऊन आलं तेव्हा तिने विचारलंच नाही. हेर्लेकर आपण होऊन उठले, खुर्ची जवळ ओढली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वळवला आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात बघत राहिले. चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"आठ," ते म्हणाले.

सानिकाने आईकडे बघितलं. वैजयंतीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, चांगलं निरखून, शेवटी विरघळलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग त्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि त्यांनी सिस्टरना हाक मारली.

"हिचं रक्त आजच्या आज तपासून घ्या," त्या म्हणाल्या. "हे म्हणतात उतरलंय. यांच्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

सिस्टरने विचारल्यासारखं हेर्लेकरांकडे बघितलं.

"घ्या," ते म्हणाले. "माझाही नाही."